आईच्या खोलीचं मागचं दार

पेतेन, ग्वाटेमाला
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

भारत,

स्लॅबचे फोटो मिळाले. घर छान उभं राहतंय वगैरे मी नंतर म्हणेन. आधी एवढं सांग, आईची खोली कुठे गेली?

मी काढून दिलेल्या नकाशात ती पुढे होती, ओसरीला लागून. दार बैठकीत उघडणारं, खिडकी बदनापूर रस्त्याकडे, म्हणजे आईला बसल्या जागी येणारंजाणारं दिसलं असतं. तुझ्या फोटोत त्या जागी काचेचं पार्टिशन आहे आणि खाली तू लिहिलंयस, ‘माझं ऑफिस’. तुझं सळईचं दुकान जुन्या जालन्यात, गिऱ्हाईक तिथे, माल एमआयडीसीतून परस्पर साइटवर जातो. मग घरात ऑफिस कशाला हवंय तुला? फोटो मोठे करकरून बघितले तेव्हा स्वयंपाकघराच्या मागे एक खोली सापडली. तिचं एक दार स्वयंपाकघरात उघडतं आणि दुसरं थेट मागच्या बोळात. ती आईची खोली आहे का? असेल तर तू माझा भाऊ आहेस हे मला काही दिवस विसरावं लागेल.

फोनवर आपण दोघं नुसते ओरडतो आणि इथे रेंजही धड नाही, म्हणून लिहितेय. रविवारी गावात येते तेव्हाच मेल जातो. तुला वाटतं मी इथे जंगलात हिंडते. मी इथे भिंती मोजते. माया लोकांचं हे जुनं संकुल आहे, देवळं आणि राजाच्या गोतावळ्याची घरं एकाच उंच चौथऱ्यावर. कोणती भिंत आधीची, कोणती मागाहून घातलेली, कोणत्या खोलीत कुठून शिरता येतं, हे कागदावर उतरवायचं माझं काम. त्यामुळे घरात कुणाला मागे ढकललंय हे मला चटकन दिसतं. उत्तर दे, आणि गोलगोल देऊ नकोस.

सुरेखा

जुना जालना
१६ फेब्रुवारी

ती. आक्कास नमस्कार.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं. मी सकाळी दुकान उघडायचं, दुपारी साइटवर जाऊन मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहायचं, रात्री आईची औषधं बघायची, आणि तू तिकडून फोटो मोठे करून माझ्या चुका काढायच्या. बरं आहे.

हो, आईची खोली मागं आहे. आणि ते आईनंच सांगितलं. म्हणाली, मला माझं वेगळं दार दे, माझी माणसं आली की तुमच्या बैठकीतून नको. तिचे गुडघे धरतात, स्वयंपाकघर हाताशी असलेलं बरं. बाथरूम तिथंच दिलंय, कमोड बसवलाय, हाताला धरायला दांडी लावलीय. आता सांग, काय वाईट केलं मी?

आणि खरं सांगू का, हे मी तुझ्याकडूनच शिकलो. मागच्या दिवाळीत तू त्या राजाच्या महालाबद्दल केवढं लांबलचक लिहिलं होतंस. बाहेरचा माणूस अंगणात थांबायचा, त्याहून जवळचा ओट्यापर्यंत यायचा, आणि राजा ज्या दगडी बाकावर बसायचा तिथपर्यंत फक्त घरचे. दाराच्या दगडांना पडद्याची दोरी बांधायला भोकं पाडलेली होती, हे पण लिहिलं होतंस. मला ते फार पटलं. दैवशालाला, पोरांना वाचून दाखवलं. मोठ्या घरात कोण कुठवर येणार हे ठरलेलं असतं, आक्का. माझ्याकडं आता रोलिंग मिलचे मालक येतात, बिल्डर येतात, आणि हमाल, टेम्पोवालेही येतात. सगळ्यांना एकाच सोफ्यावर बसवू का मी?

घराच्या पुढच्या अंगाला पण तसाच पायऱ्यापायऱ्यांचा आकार द्यावा म्हणतो. आमचा मच्छिंद्र मिस्त्री म्हणतो, जमेल. एखादं चांगलं चित्र पाठव. राग नंतर कर.

तुझा,
भारत

२ मार्च

भारत,

चित्र पाठवणार नाही. आणि मी लिहिलं होतं ते कौतुक नव्हतं, मूर्खा.

आता नीट वाच. इथे सगळ्यात आधी तीन देवळं होती आणि त्यांच्यापुढे मोकळं अंगण. खालच्या मैदानातून रुंद जिना वर यायचा. मक्याच्या शेतातून आलेला माणूससुद्धा खाली उभा राहून वर चाललेला विधी बघू शकत होता. मग राजघराण्यातल्या लोकांची घरं कडेकडेने वाढत गेली. त्यांना आपल्यासारखी कमान येत नव्हती. दोन्ही भिंतींवरून दगड थोडेथोडे पुढे काढत न्यायचे आणि वर एक दगड झाकण म्हणून ठेवायचा. त्यामुळे खोल्या अरुंद आणि भिंती जाडजूड. अशा खोल्यांच्या ओळींनी त्यांनी ते अंगण वेढून टाकलं, जिना आवळत नेला, देवळं नव्या बांधकामाच्या पोटात घातली. शेवटी खालच्या माणसाला वर बघितलं तर फक्त भिंतीची पाठ दिसायची. हे सगळं व्हायला कित्येक पिढ्या लागल्या आणि प्रत्येक पिढीने एखादीच भिंत घातली. प्रत्येकाला वाटलं असेल, एका भिंतीने काय होतंय.

मला ते मोजताना संताप येतो. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर मी चिडते, सोबतचे लोक हसतात मला. आणि माझा सख्खा भाऊ त्यातून घर कसं बांधावं हे शिकतो!

आता तुझ्या त्या ‘आईची माणसं’वर येते. आईची माणसं म्हणजे कोण? मामा येतात, ते पुढच्या दाराने येतात आणि बैठकीत तंगड्या पसरून बसतात. गावाकडची भावकी येते, तीही पुढून. मागच्या दाराने यावं असं आईकडे कोण येतं? मी या आठवड्यात दुसरा विचारच केला नाही. एकच नाव येतंय आणि ते यायला नको असं मला वाटतंय.

बेबीनंदामावशी. दर रविवारी बदनापूरहून गाडीने येणारी. गावात पहिल्यांदा शिक्षिका म्हणून आली तेव्हा आईला संध्याकाळी शाळेत बसवून अक्षर ओळखायला लावणारी. हेडमास्तरीण होऊन रिटायर झालेली. तुझं दहावीचं वर्ष तू तिच्या घरी काढलंस, तिच्या चुलीवरचं खाल्लंस, तिचा नवरा तातेरावकाका तुला सायकलवर क्लासला सोडायचा. ती बौद्ध आहे म्हणून तू तिच्यासाठी वेगळं दार केलंयस का?

मी चुकीचं समजतेय असं लिही. मी माफी मागेन, अगदी मनापासून मागेन.

सुरेखा

१६ मार्च

आक्का,

तू फार शिकलीस, म्हणून तुला जिकडं तिकडं जात दिसून राह्यली. आमच्या मनात असलं काही नसतं. आम्हाला धंदा आहे, घर आहे, पोरांच्या परीक्षा आहेत.

झालं एवढंसंच. संक्रांतीच्या नंतरचा रविवार होता. दैवशालानं हळदीकुंकू ठेवलं होतं. तिच्या माहेरच्या बायका आल्या होत्या, तिच्या मोठ्या चुलत्या आल्या होत्या, तुला माहीतच आहेत त्या कशा आहेत. त्यात त्या बाई आल्या, नेहमीच्या वेळेला. चहाचे कप कमी पडले. म्हणून त्यांना कागदी कपात चहा दिला. बस. कोणी एक शब्द वाईट बोललं न्हाई. त्यांनी चहा घेतला, आईशी बोलल्या, गाडीची वेळ झाली म्हणून गेल्या. आई मात्र तेव्हापासून फुगून बसली. जेवायला वाढलं तर जेवते, बोललं तर हूं म्हणते.

मंग मीच मार्ग काढला. म्हटलं, आई, नव्या घरात तुला मागून वेगळं दार देतो, तुझी मैत्रीण थेट तुझ्याकडं येईल, निवांत बसा दोघी, ना तिला तकलीफ ना कोणाला. यात मी कोणाचा अपमान केला? उलट सगळ्यांची सोय बघितली. घरात चार माणसांचं मन सांभाळून राहावं लागतं. ते तुला जंगलात बसून कळायचं न्हाई.

भारत

२३ मार्च

भारत,

मागच्या महिन्यात दार आईने मागितलं होतं. या महिन्यात ते तूच दिलंस. निदान खोटं लिहिताना आधीचं पत्र तरी उघडून बघायचं.

कप कमी पडले? मग कागदी कप दैवशालाच्या चुलतीला का नाही दिलास? तुझ्या मिलवाल्यांना कधी दिलायस? जिने तुझी गणितं तपासली, तिच्याच वाट्याला नेमका तो कप कसा आला? आणि ‘त्या बाई’ काय? मावशी म्हणायचास तू. तातेरावकाका गेले तेव्हा तूही खांदा दिला होतास. आता सोफा बदलला तर मावशीची बाई झाली का?

सगळ्यांची सोय बघितलीस म्हणे. मला तुझा नकाशा तोंडपाठ आहे. मागचं दार झालं की बेबीनंदामावशी बैठकीत दिसणार नाही, स्वयंपाकघरातून जाणार नाही, तुझ्या सासरच्यांना शिवणार नाही आणि तरी तुला म्हणता येईल की आमच्याकडे सगळे येतात. तू विटा लावून ते तोंडाने न बोलता केलंस. मी इतकी वर्षं जुन्या भिंतींमधून हेच शोधत आलेय आणि माझ्याच घरात मला उशिरा दिसलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय.

ऐक. आईची खोली पुढे घे. ऑफिसचं पार्टिशन काढ. नाहीतर गृहप्रवेशाला मी येणार नाही आणि ‘नकाशा आमच्या आक्काचा’ असं कुणाला सांगितलंस तर माझ्याशी गाठ आहे. आईला मी पुण्याला नेते. माझा फ्लॅट रिकामाच आहे, मी जूनमध्ये परत येते, तोवर एखादी बाई ठेवू सोबतीला. तुझ्या घराच्या पाठीमागे ती राहणार नाही.

सुरेखा

१३ एप्रिल

आक्का,

गृहप्रवेश अक्षय तृतीयेला आहे. तू येऊ नको. तुझ्याशिवाय आजपर्यंत सगळं झालंय, बाबा गेले तेव्हाही दवाखान्यात मीच होतो, हेही होईल.

आईला मी विचारलं, आक्का तुला पुण्याला न्यायचं म्हणते, जातेस का? ती काही बोलली न्हाई. खोली दाखवायला साइटवर नेलं. खोली बघितली, मागचं दार उघडून बोळात बघितलं, दार लावलं. तेव्हाही काही बोलली न्हाई. म्हणजे तिला मंजूर आहे. तिला चालतंय, मला चालतंय, मंग तुझं काय दुखतं?

पार्टिशन निघणार न्हाई. काच बसली.

भारत

बदनापूर
११ मे २०२५

चि. सुरेखा हिस आईचा आशीर्वाद.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राह्यले. बेबी मोबाईलवर याचा फोटो काढून तुला धाडंल. अक्षर वाकडं आलं तर तिला नाव ठेवू नको, तिनं चांगलंच शिकवल्तं.

तुमची दोघांची पत्रं मी वाचली. भारतनं न्हाई दाखवली. दैवशालानं त्याचा फोन माझ्या हातात दिला, म्हनली, आत्या, हे तुमच्याबद्दल आहे, तुम्ही वाचा. मला चष्मा आनून दिला अन् बाहेर निघून गेली. मी सगळी वाचली. दार माझं, खोली माझी, मैत्रीन माझी, अन् पत्रं तुमची. तुला एक डाव तरी वाटलं का आईला इचारावं? तू त्याला लिहिती, त्यो तुला लिहितो. मी काय फर्निचर आहे का, इथं ठेवू का तिथं ठेवू? त्यो मला सैंपाकघराच्या मागं ठेवतो, तू मला पुन्याला नेऊन ठेवती. तुझ्या बंद फ्लॅटात मी काय करू, कुलपाची राखन करू? त्याच्या पत्रानं मला जेवढा राग आला ना, तेवढाच तुझ्या पत्रानं आला. तू बराबर लिहिलं म्हनून कमी आला न्हाई.

अन् भारत म्हनतो, आई गप आहे म्हंजे मंजूर आहे. तुमच्या बापाला पन असंच वाटायचं.

आता काय झालं ते सांगते. गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी सकाळी मी मच्छिंद्र मिस्त्रीला खोलीत बोलवलं. म्हनलं, हे मागचं दार बुजव. त्यो म्हनला, भारतभाऊला इचारतो. म्हनलं, खोली कोनाची आहे? म्हनला, तुमची. मंग बुजव, म्हनलं. विटा मागं पडल्याच होत्या. चौकट काढली, विटा लावल्या, दोन्ही अंगानं प्लास्टर मारलं. भारत मंडपवाल्याच्या मागं होता, त्याला पत्ता न्हाई.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. लोक आल्ते, मिलवाले आल्ते, दैवशालाच्या माहेरचं सगळं घर आल्तं. बेबीला मी फोन करून बोलवल्तं. फाटकात उभी राह्यले तिच्यासाठी. ती रिक्षातून उतरली अन् भारतनं सांगितलेल्या बोळाकडं वळली. त्यानं तिला फोनवर सांगून ठेवल्तं, मावशी, मागून या, पुढं गर्दी आहे. मी तिचं मनगट धरलं अन् पुढून घेऊन गेले. बैठकीतून नेलं. सोफ्यावरची माणसं बघू लागली. मंग सैंपाकघर. तिथं बाया पुऱ्या लाटून राह्यल्या होत्या, त्यांचे हात थांबले. तेलात पुरी जळली, कोनी काढली न्हाई. बेबी मागं फिरून राह्यली, मी सोडलं न्हाई. माझ्या खोलीत नेऊन पलंगावर बसवलं.

भारत आला धावत. बारीक आवाजात म्हनतो, आई, मागचं दार कुठं गेलं? मी बारीक आवाजात न्हाई बोलले. म्हनलं, आता तिथं दार न्हाई. माझ्याकडं ज्याला यायचं त्यानं तुझ्या बैठकीतून, तुझ्या सैंपाकघरातून यायचं. तुला चालत नसंल तर मला घरातून काढ. पन पुढून काढ, लोक बघतील असं. त्यो निघून गेला. त्याच्या डोळ्यांत पानी आल्तं. मला दया आली न्हाई. तुला खोटं कशाला सांगू?

मला वाटलं, झालं. मी जिंकले. तोंडावर पदर घेऊन मी हसले पन.

बेबी पलंगावर बसून होती. मी पानी दिलं, प्याली न्हाई. ताट वाढून आनलं, जेवली न्हाई. म्हनली, चतुरा, मला रिक्षा बोलाव. अन् गेली.

पुढच्या रविवारी आली न्हाई. फोन उचलला न्हाई. मंग आज मी सकाळच्या गाडीत बसले अन् बदनापूरला आले. एकटी आले. स्टेशनवरून चालत आले, गुडघे काही म्हनोत. दार तिनंच उघडलं. ये म्हनली. नेहमीसारखा चहा टाकला. मी म्हनलं, बेबी, मी तुझ्यासाठी भिंत घातली, पोराशी वैर घेतलं, अन् तू माझ्यावरच रुसली?

ती म्हनली, तू मला इचारलंस का? तुझ्या घरच्या भांडनात तू माझं मनगट धरून ओढलंस. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, तुझ्या न्हाई. तुझं दार तू बुजवलं, पन त्या सैंपाकघरातून चालावं लागलं ते मला.

मी म्हनलं, मंग मी काय करायला पाहिजे होतं?

तिनं चहा गाळला. माझ्यापुढं ठेवला. म्हनली, संक्रांतीच्या त्या रविवारी आपन दोघी कडंला बसल्तो. तू विधवा म्हनून तुला कुंकवाला कोनी हाक मारली न्हाई, अन् मला कागदाचा कप दिला. तुझ्या हातात चिनीमातीचा होता. तू माझ्या कपाकडं बघितलंस, मी बघितलं तू बघताना. अन् तू तुझा चहा संपवलास. दार बुजवायला तुला तीन महिने लागले, चतुरा. त्या दिवशी एक शब्द पुरला असता.

मी कप उचलला न्हाई. मला अजून राग येऊन राह्यला, पोरी, कानाची पाळ तापली आहे माझी. पन आता भारतचा न्हाई, तुझा न्हाई.

ती आत भाकरी थापून राह्यली. जेवून मी दुपारच्या गाडीनं परत जाईन. पुढच्या रविवारी परत येईन, त्याच्या पुढच्या बी येईन. ती तिकडं यायची न्हाई, तिनं तसं सांगितलं, अन् मी तिला ये म्हननार न्हाई.

हे वाचून तू बेबीला पत्र लिहायला बसशील, मला माहीत आहे. लिहू नको. माझ्या वतीनं तर बिलकुल न्हाई. तिच्याशी काय बोलायचं ते आता मला बोलू दे.

तुझी,
आई